रुसव्यावरचं मशीन

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक भाडेकरूला तपासतो, अशी सगळीकडची रीत. आमच्या मालकांनी मलाच खोली तपासायला लावली. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली म्हणून मी लातूरहून नांदेडला आले होते, आणि एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे असं कळलं होतं. मी खोलीत पाय ठेवला तोच कार्यालयाचे मालक म्हणाले, "मॅडम, जरा आडव्या व्हा."

मी दचकले. त्यांच्या मागे त्यांची थोरली बहीण उभी होती. तिच्या हातात चटई आणि उशी.

"हा असाच हाय," ती म्हणाली. "पड जराशी, लेकी. तपासू दे त्याला."

मी पडले. मालकांनी खिडकीतून खाली हात केला आणि अंगणात उभ्या असलेल्या बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. ढोल थेट माझ्या बरगड्यांत वाजत होता. मालक दारात उभे राहून माझ्या पापण्यांकडे बघत होते. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "लागला का डोळा?"

"नाही लागला."

"मंग नका घेऊ खोली. लग्नसराईत बेजार व्हाल आन् मला शिव्या द्याल."

मी म्हटलं, लग्नं दिवसा असतात आणि दिवसा मी कॉलेजात असते. मालक विचारात पडले. हा मुद्दा त्यांच्या तपासणीत कुठे बसत नव्हता. शेवटी आक्कानं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू राहा. ह्याचं तपासणं सरायचं न्हाई."

त्यांना नाव होतं, पण ते लग्नपत्रिकेवरसुद्धा कुणी छापत नसे. स्वयंपाकी, बँडवाले, गुरुजी, रिक्षावाले सगळे त्यांना मालकच म्हणत. उंच, वाळकुडे, कायम पांढऱ्या सदऱ्यात, आणि चेहऱ्यावर असा भाव की आत्ता कुठल्या तरी दारातून कुणीतरी रागावून बाहेर पडणार आहे. कार्यालयात नवीन वस्तू आली की ती वापरात यायच्या आधी मालकांच्या हातून जायची, आणि त्यांची पद्धत जगावेगळी होती. खुर्च्या आल्या तेव्हा त्यांनी गल्लीतल्या सगळ्यात वजनदार हलवायाला बोलावून दुपारभर त्यांच्यावर बसवलं, आणि तो नीट बसतोय म्हटल्यावर त्याला झुलायला सांगितलं. माइक घेताना ज्यांना बोललेलं नीट ऐकू येत नाही अशा एका आजोबांना आणून विचारलं, "काय म्हणलो मी?" नवा आचारी ठेवायचा तर त्याच्या हातचं जेवण सासूशी पटत नसलेल्या सुनेला आणि सुनेशी पटत नसलेल्या सासूला एकत्र बसवून वाढायचे. दोघींनी एकाच पदार्थाला नावं ठेवली, तर तो पदार्थ खरोखर वाईट.

"चांगल्या माणसावर वस्तू तपासायची न्हाई मॅडम," ते मला म्हणाले. "चांगला माणूस कशातबी भागवून घेतो. त्याचं काय खरं?"

लग्नाच्या बाबतीत त्यांचा एक पक्का सिद्धांत होता. लग्न हुंड्यानं मोडत नाही, मानपानानं मोडत नाही. लग्न मोडतं नाष्टा आणि मुहूर्त यांच्या मधल्या वेळात. त्या वेळात वराकडचे काका, मामा, आतोबा यांना काही काम नसतं. रिकामा पाहुणा मग आजूबाजूला बघायला लागतो, आणि बघायला लागला की त्याला दिसायला लागतं. पंखा आपल्याकडे कमी फिरतोय. पाणी आधी त्यांना दिलं. गादीवर सुरकुती आहे.

"मोबाईल असतो की आता सगळ्यांकडे," मी म्हटलं.

मालक कीव आल्यासारखं हसले. "रुसणारा माणूस पयले मोबाईल खिशात घालतो. हात रिकामे दिसायला पायजेत ना चारचौघांत! आन् बाहेर काढलाच, तर पुण्याच्या भावाला फोन लावून त्यालाबी रुसायला लावतो."

या मधल्या वेळावर त्यांनी बरेच इलाज केले होते. कॅरम आणला, तर राणी कुणाची यावरून दोन व्याही हमरीतुमरीवर आले. वर्तमानपत्रं ठेवली, तर राजकारण निघालं. मग अंग चेपणारी विजेची खुर्ची आणली. तिच्यात नवरदेवाचे आजोबा बसले आणि गाढ झोपले. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर आजोबा सापडेनात. वऱ्हाड गोदावरीच्या घाटापर्यंत शोधून आलं, आणि खुर्ची तिकडे कोपऱ्यात आजोबांना घेऊन शांतपणे गुरगुरत होती.

हा माणूस दुसऱ्यांच्या रुसण्याला एवढा का भितो, हे मी एकदा आक्काला विचारलं. ती स्वयंपाकघरात पुरणाला चटका देत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं.

त्यांचं गाव किनवटच्या बाजूला, इस्लापूरच्या पुढे. आक्काचं लग्न ठरलं, वऱ्हाड आलं. वऱ्हाडाजवळ बसून बोलायचं, काय हवं-नको बघायचं, हे काम धाकट्या भावाकडे, म्हणजे मालकांकडे होतं. विशीतला उत्साही भाऊ. ऊन फार आहे, पाहुण्यांना थंडगार सरबत पाजू, म्हणून तो कुणाला न सांगता सायकल काढून बर्फ आणायला किनवटला गेला. इकडे नवरदेवाच्या मामाजवळ बोलायला कुणीच नाही. मामा रुसला. एकातून दुसरं निघालं, आणि वऱ्हाड बैलगाड्या जुंपून परत गेलं.

"हा पोत्यात बर्फ घेऊन आला, तर मांडवात कुणीच न्हाई," आक्का म्हणाली.

"मग?"

"मंग काय? बर्फ थांबतोय का? सगळ्या गावाला सरबत पाजलं. लई गोड झालं होतं."

"नंतर दुसरं स्थळ नाही आलं?"

"आले की. मीच न्हाई म्हणलं. पुन्हा कोण बर्फ आणणार?" आणि ती एवढी हसली की पुरण करपायची वेळ आली. मालक मात्र, ती म्हणाली, त्या दिवसापासून सरबत पीत नाहीत.

तर या इलाजांतला शेवटचा म्हणजे पिनबॉल, एक खेळायचं मशीन. मालक कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाला हैदराबादला गेले होते. तिथल्या मॉलमध्ये त्यांनी ते मशीन पहिल्यांदा पाहिलं आणि परत आले ते चकाकत्या डोळ्यांनी. मला जिन्यातच थांबवून त्यांनी ते हातांनी काढून दाखवलं. पलंगाएवढं लांब, तिरकं टेबल, वर काच. आत पोलादाची एक गोळी. खटका ओढून सोडला की गोळी वर जाते, खांबांवर आपटते, घंट्या वाजवते, दिवे लावते आणि घरंगळत खाली येते. खाली दोन छोटी वल्ही असतात. दोन्ही बाजूंची बटणं दाबून त्या वल्ह्यांनी गोळी परत वर हाणायची. मधून निसटली की गेली. अशा तीन गोळ्या.

"आन् मॅडम, त्या मशीनवर एक आजोबा खेळून राहिले होते. मागून त्यांची बायको, सून, नातू, सगळे हाका मारून राहिले. आजोबा हुं न्हाई की चूं न्हाई! मी म्हणलं, हेच ते."

मशीन इकडे मिळणार कुठे, हा प्रश्न होता. पण लातूरला एक मॉल व्हायचा होता आणि त्याचं काम अर्ध्यावर अडकलं होतं. त्यासाठी आणलेला खेळांचा माल एका गोदामात पडून होता, आणि त्यात पिनबॉलची तीन मशीनं होती. खेळ एकच, पण साधं, मधलं आणि वरचं असे तीन दर्जे. मी शनिवारी लातूरला घरी जाणारच होते. मालक म्हणाले, आमच्याच गाडीतून चला. गाडीत आक्का होती, तिच्या मांडीवर धपाट्यांचा डबा होता. आणि गाडी लोह्याच्या रस्त्याला न लागता कंधारकडे वळली.

"इकडून कुठे?"

"जळकोटला. दाजींना घ्यायचंय."

जळकोटचे दाजी म्हणजे मालकांच्या चुलत बहिणीचे यजमान. दोन्ही घराण्यांत मिळून एवढा रुसणारा माणूस दुसरा नव्हता. एका बारशाला पाळण्याची दोरी आधी दुसऱ्याच्या हातात दिली म्हणून ते पाळण्याखालून निघून गेले होते. दशक्रियेलासुद्धा रुसले होते, असं आक्का म्हणाली. आणि तेही गेलेल्या माणसावर.

दाजी तयारच होते. पांढरी टोपी, अंगावर उपरणं, चेहरा आधीच थोडा फुगलेला. "आम्ही येणार नव्हतो," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "पण मेव्हण्यांनी इज्जतीनं बोलावलं."

गोदाम शहराबाहेर होतं. तिथले व्यवस्थापक एक थकलेले, सभ्य गृहस्थ होते. बऱ्याच दिवसांत गिऱ्हाईक न पाहिल्यामुळे ते आम्हाला बघून गहिवरले. त्यांनी तिन्ही मशीनांवरच्या चादरी काढल्या. समुद्रातल्या ऑक्टोपसचा खेळ होता. मालकांनी त्याला पहिल्याच क्षणी खेकडा म्हटलं आणि मग व्यवस्थापकही खेकडाच म्हणायला लागले.

साध्या मशीनमधला खेकडा प्लास्टिकचा होता आणि जागचा हलत नव्हता. मधल्यातला खेकडा हात वर करायचा. त्याच्या पोटात लोहचुंबक होतं, गोळी जवळ आली की तो ती धरून ठेवायचा, डोळे लाल करायचा आणि मग लांब फेकायचा. वरच्या मशीनमध्ये मधल्यातलं सगळं होतं, शिवाय आरशासारखं चमकणारं चित्र, निळ्या झगझगीत पट्ट्या, डोक्यावर फिरता दिवा आणि पुढे एक पितळी पट्टी. तिच्यावर त्या मशीनचा क्रमांक कोरलेला होता, कारण ती मोजकीच बनवली होती.

"खेळ तिन्हींचा तोच आहे, साहेब," व्यवस्थापक म्हणाले. "पण वर जाल तसा अनुभव वाढतो."

"अनुभव कुठं बसवलाय ते उघडून दाखवा," मालक म्हणाले.

व्यवस्थापकांनी काच काढून टेबल उचललं. खाली वायरींचं जंगल होतं. मालक वाकून बराच वेळ बघत राहिले. खेकड्याच्या एकेका हाताला वेगळी मोटार होती. "जितके हात, तितके खांदे दुखणार," ते पुटपुटले. मग त्यांनी आपली तपासणी सुरू केली. काच परत बसवून तिच्यावर पाण्याचा भरलेला पेला ठेवला आणि तो सांडतो का बघितलं. आक्काला हातभर बांगड्या घालून बटणं दाबायला लावली. पदर खटक्यात अडकतो का, ते बघितलं. मंगलाष्टकं चालू असताना आवाज पूर्ण बंद होतो का, हे विचारलं. व्यवस्थापकांना या कशाचंच उत्तर माहीत नव्हतं. त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एवढ्यात चहा आला. मालकांनी सगळ्यांना पेले दिले आणि दाजींसाठी आलेला पेला उचलून दाराशी उभ्या असलेल्या राखणदाराच्या हातात दिला.

मला वाटलं चुकून झालं. दाजींनी मान वळवली, उपरणं झटकलं.

"दाजी, आता हे वरचं खेळून बघा," मालक मऊ आवाजात म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दाजींना मुद्दाम रुसवून, ते कुठल्या मशीनवर रुसवा विसरतात, हे मालकांना बघायचं होतं.

दाजींनी नाइलाजानं खटका ओढला. गोळी सुर्रकन गेली आणि निसटली. त्यांचं लक्ष खेळात नव्हतंच, ते पितळी पट्टी वाचत होते. "म्हणजे ह्याच्या आधीचे नंबर कुणीतरी आमच्याआधी घेऊन गेलं? आम्हाला हे मागचं?" चहाचा राग त्यात मिसळला. रुसवा दुप्पट झाला.

पुढची तपासणी करायची तर दाजी आधी मूळ पदावर यायला हवेत. त्यासाठी आक्कानं डबा उघडला. दोन धपाटी, दही, वर शेंगदाण्याची चटणी, आणि "दाजी, तुमच्यासाठीच केलीत बगा" एवढं केल्यावर ते हळूहळू माणसांत आले. ते माणसांत आलेत याची खात्री झाल्यावर मालक व्यवस्थापकांना म्हणाले, "यांचे धाकटे भाऊ लई समजदार हायत. सगळं घर तेच बघतात."

दाजींचा घास हातातच राहिला.

मधल्या मशीननं तर कहरच केला. दाजींनी तिरमिरीत गोळी वर हाणली, ती खेकड्याच्या पोटाला चिकटली. दिवे लुकलुकले, खेकड्यानं हात वर केले, डोळे लाल केले. दाजी हाताची घडी घालून उभे.

"सोडत कामून न्हाई हा?"

"सोडतो साहेब, जरा त्याचं नाट्य होऊ द्या."

"माझी गोळी माझ्यादेखत धरून ठेवतो, आन् मी ह्याच्या दारात उभा राहू? चला मेव्हणे, निघू आपण."

पुन्हा धपाटी. या वेळी आक्काला लाडूसुद्धा काढावे लागले. व्यवस्थापक मला हळूच म्हणाले, "मॅडम, हे सगळं नेमकं काय चाललंय?" मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग, का कोण जाणे, उत्साहानं माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

तिसरा अपमान माझ्या हातून झाला. मालकांनी सगळ्यांचा फोटो काढायला सांगितला आणि माझ्या कानात म्हणाले, "दाजी अर्धे कापा." मी कापले. फोटो दाजींना दाखवला. त्यात त्यांचा एक कान आणि टोपीचं टोक होतं.

दाजी कुणाशी न बोलता सरळ साध्या मशीनकडे गेले आणि सगळा राग त्यांनी खटक्यावर काढला. गोळी वर गेली, आपटली, धाडकन परत आली. त्यांनी हाणली. परत आली. हाणली. इथे खेकडा तिला धरत नव्हता, नाट्य नव्हतं, गोळी नुसती येतच होती. दाजींची टोपी एका कानावर आली. उपरणं खाली पडलं ते त्यांच्याच पायाखाली गेलं. "आली! हाण! अरे हिकडून हिकडून!" आणि गोळी दोन वल्ह्यांच्या फटीतून जाता जाता वाचली तेव्हा त्यांनी मागे वळून, ज्यांच्याशी जन्मात बोलणार नव्हते त्या मालकांना विचारलं, "मेव्हणे, बघून राहिले ना?"

मालकांनी डोळे मिटून मान हलवली.

तरीसुद्धा त्यांना वरच्याची भूल सुटत नव्हती. फिरता दिवा लग्नात काय शोभेल! त्यांनी आक्काकडे बघितलं. आक्का मघापासून तिन्हींवर आळीपाळीनं खेळत होती. बांगड्या तपासायच्या निमित्तानं सुरू झालेलं तिचं खेळणं थांबलंच नव्हतं.

"ती दोन तमाशा दाखवतात," ती म्हणाली. "तमाशा चालू असताना पाहुणा परत रिकामा. हे साधं दम घेऊ देत न्हाई. हेच घे."

मला घरी सोडायला जाताना गाडीत आक्कानं दाजींना खरं काय ते सांगून टाकलं.  दाजींनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे आमच्याशिवाय निकाल लागत नव्हता तर." त्यानंतर जळकोटात ते सगळ्यांना सांगत, की नांदेडचं मशीन आमच्या पसंतीनं घेतलंय.

मशीन कार्यालयाच्या व्हरांड्यात बसलं आणि लग्नं खरोखर सुरळीत व्हायला लागली. वरपक्षाचे काका रांगेत उभे राहायचे. गुरुजीसुद्धा होमाची तयारी करता करता एखादी गोळी खेळून यायचे.

मग उदगीरच्या वऱ्हाडाचं लग्न आलं. रविवार होता, मी घरीच होते. नवरदेवाचे मामा म्हणजे धान्याच्या आडतीतले बडे व्यापारी, देहानंही तसेच. नाष्ट्याला चुरमुऱ्यांचा सुशीला होता आणि मामांच्या ताटलीत तो गार आला. मालकांनी लगबगीनं त्यांना मशीनपाशी नेलं. मामा खेळायला लागले, रंगले, आणि गोळी निसटतेय म्हटल्यावर त्यांनी पोटानं मशीनला जोरदार धक्का दिला.

या मशीनला थोडं हलवलेलं चालतं. फार हलवलं की सगळे दिवे जातात, वल्ही लुळी पडतात आणि ती गोळी बाद होते. तसंच झालं.

"काय झालं?"

"रुसलं ते," मालक हसून म्हणाले. आयुष्यात त्यांनी केलेला तो एकच विनोद असावा आणि तो भलत्या वेळी झाला.

"असं का?" मामा म्हणाले. "नाष्टा गार तुमचा, आन् वरून रुसणार तुमचंच मशीन? मंग आमचं इथं काय काम?"

ते चालायला लागले. त्यांच्यामागे त्यांची मुलं, मग भाऊ, मग अर्धं वऱ्हाड. जिन्यावरून मला फाटक दिसत होतं. मामांनी जीपचं दार उघडलं. मालक फाटकात जाऊन हात जोडून उभे राहिले. नवरीचे वडील धावत आले आणि तेही तसेच हात जोडून उभे राहिले.

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. कोपरापर्यंत कणीक.

"मामा, तुमची एक गोळी राहिलीय."

"राहू द्या."

"राहू द्या कसं? एक बाद झाली, पण पुढची तुमच्या नावानं वर येऊन बसलीय. ती खेळल्याबिगर दुसऱ्या कुणाचा डाव सुरू व्हायचा न्हाई. आता तुमचा माल तुम्ही सोडून जात असाल तर जा बापडे."

मामांचा एक पाय जीपमध्ये होता. आडतीतला माणूस; आपल्या हक्काचं पोतं दुसऱ्याच्या दारात सोडून जाणं त्यांना जमणारं नव्हतं. पाय खाली आला. "एकच गोळी," ते म्हणाले, "आन् मंग निघालो."

आक्का त्यांच्या शेजारी उभी राहिली. "पोटानं न्हाई मामा. मनगटानं. शेजारणीच्या दाराची कडी वाजवतो तसं, हळू."

ती गोळी जाईना. मामा मनगटानं हलवत होते, वल्ही मारत होते, घामानं निथळत होते. तिकडे मुहूर्त आला. अंतरपाट धरला गेला. नवरदेवाच्या पाठीशी मामा हवेत, म्हणून निरोप आला. "थांबा, गोळी चालू हाय!" गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली, संपली, परत पहिल्यापासून धरली. मग गणपतीचं जे काही येत होतं ते सगळं म्हटलं. नवरी अंतरपाटावरून डोकावून व्हरांड्याकडे बघायला लागली. अखेर गोळी गेली. मामा धावत आले, धापा टाकत भाच्यामागे उभे राहिले आणि अक्षता पडल्या. भाच्याच्या कानात पहिलं वाक्य बोलले ते, "अरे, काय खेळलो मी!"

मालक अजून फाटकातच होते. जीप रिकामी झालीय, वऱ्हाड आत गेलंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हात तसेच जोडलेले. आक्का त्यांच्याजवळ गेली आणि तिनं ते हात धरून खाली केले. कणीक त्यांच्या सदऱ्याला लागली. 

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, आणि ते त्याच कार्यालयात व्हावं हे उघडच होतं. मुलाकडचे इस्लापूरच्या बाजूचे शेतकरी. माझे सासरे अतिशय शांत गृहस्थ. नाष्टा उशिरा आला, ते म्हणाले, भूक लागली की गोड लागतो. पंखा बंद पडला, ते म्हणाले, वारं हाय की. मालक दोनदा वर येऊन मला म्हणाले, "मॅडम, ही माणसं रुसतच न्हाईत. काहीतरी गडबड हाय."

माझे एकुलते मामा पाय मोडून लातूरला पडलेले होते. माझ्या पाठीशी मामा म्हणून उभं राहाल का, असं वडिलांनी मालकांना विचारलं. मालक आत गेले आणि इस्त्रीचा सदरा घालून आले. अख्ख्या मुहूर्तभर ते माझ्या मागे सदऱ्याला सुरकुती पडू न देता उभे होते.

अक्षता पडल्यावर सासरच्यांनी आमच्याकडच्या मानकऱ्यांना टॉवेल-टोपी दिली. मालकांना द्यायची राहिली. ते कार्यालयाचे मालक आहेत, एवढंच त्या लोकांना माहीत होतं. थोड्या वेळानं माझा भाऊ घाबरून आला. मालक कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि कुणाशी बोलत नव्हते.

मी शालू सावरत गेले. "मालक, काय झालं?"

"काय न्हाई."

"मशीन चालू करायला सांगू का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शरमले. "मशीन परक्यांसाठी हाय," ते म्हणाले.

वडील समजूत काढायला निघाले होते, त्यांना आक्कानं वाटेतच अडवलं. पदरानं डोळे पुसत होती, पण हसत होती. "कुणी जाऊ नका. जरा वेळ बसू द्या त्याला तसंच. जन्मभर दुसऱ्यांचं काढलं, आज कुठं हक्काचं रुसणं मिळालंय."

सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं. ते उठले. टोप्या संपल्या होत्या. त्यांनी आपल्या डोक्यावरचा केशरी फेटा काढला आणि मालकांपुढे जाऊन उभे राहिले. "मामा, आमचं चुकलं. हा घ्या."

मालकांनी मान वळवली नाही. "नुसता ठेवायचा न्हाई. बांधायचा."

सासऱ्यांनी फेटा पूर्ण सोडला आणि त्यांच्या डोक्यावर बांधायला घेतला. पंगत खोळंबली. आचारी दारात आले. पुऱ्या गार व्हायला लागल्या. शेवटचा वेढा बसला, तुरा उभा राहिला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मालकांनी दोन्ही हातांनी फेटा चाचपला.

"जरा ढिला झालाय," ते म्हणाले.

सासऱ्यांनी हसून फेटा पुन्हा सोडला आणि पहिल्या वेढ्यापासून बांधायला सुरुवात केली. मालक खुर्चीत ताठ बसून राहिले, मान जराही हलू न देता.